एकाच जाडीची रेघ: अंत्यकाळाच्या घटनाक्रमाचा मराठी तक्ता आणि त्यासोबतची पुस्तिका

अंत्यकाळावरची प्रवचने मराठीत पुष्कळ ऐकायला मिळतात. परंतु दानीएल, मत्तय, थेस्सलनीकाकरांस लिहिलेली पत्रे आणि प्रकटीकरण या ग्रंथांतील घटना एका ओळीत मांडून दाखवणारे छापील साहित्य आपल्या भाषेत सहजी हाती लागत नाही. नागपुरात सदर नावाच्या भागातल्या एका लहानशा ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात असा एक तक्ता आणि त्याच्यासोबत मिळणारी पुस्तिका दिसली, तेव्हा आमच्या रविवारच्या बायबल अभ्यासवर्गासाठी मी दोन्ही घेतली. वर्गात त्यांचा भरपूर वापर झाल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. भविष्यवाणीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या मराठी वाचकाने हा तक्ता घ्यावा का, आणि घेतलाच तर त्यातल्या कोणत्या जोडणीवर कितपत भरवसा ठेवावा, एवढाच प्रश्न माझ्यासमोर आहे.

तक्ता आडवा असून साधारण चार फूट लांब आहे. अक्षरे ठळक असल्याने सभागृहाच्या मागच्या बाकावरूनही ती वाचता येतात, आणि प्रत्येक घटनेखाली वचनांचा संदर्भ दिलेला आहे, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणावी लागेल. कागद मात्र पातळ आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर सुरू झाले की त्या ओलसर हवेने असा कागद महिनाभरात लाटा धरतो. म्हणून विकत घेतल्याबरोबर लॅमिनेशन करून घेणे बरे.

तक्त्याच्या डाव्या टोकाला वधस्तंभ आहे. तेथून मंडळीचे युग सुरू होते, मग विश्वासणारे मेघांत वर घेतले जातात, म्हणजे ज्याला आपल्याकडे बहुतेक जण रॅप्चर म्हणतात तो प्रसंग येतो. त्यानंतर संकटाची सात वर्षे आहेत, साडेतीन आणि साडेतीन अशी विभागलेली; त्यांत प्रकटीकरणातले न्याय, म्हणजे सात शिक्के, सात कर्णे आणि सात वाट्या, एकापुढे एक असे एकवीस चौकोनांत बसवले आहेत. मग हर्मगिदोनची शेवटची लढाई, ख्रिस्ताचे दृश्य पुनरागमन, हजार वर्षांचे राज्य, सैतानाची थोड्या काळासाठी सुटका, मोठ्या पांढऱ्या राजासनासमोरचा न्याय, आणि शेवटी नवे आकाश व नवी पृथ्वी. ही मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकांच्या शिकवणुकीतून आकाराला आली आणि १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या स्कोफील्ड संदर्भ बायबलच्या टिपांमुळे जगभर पसरली. पुस्तिकेत मात्र याचा कोठेही उल्लेख नाही. वाचकाचा समज असा होतो की हा क्रम थेट पवित्र शास्त्राच्या पानांवरून जसाच्या तसा उतरवून घेतला आहे.

माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. काही घटनांचा क्रम शास्त्र स्वतः सांगते. काही ठिकाणी दोन वेगळ्या ग्रंथांतील वचने जुळवून तो आपण ठरवतो. तक्त्यात या दोन्ही प्रकारच्या जोडण्या एकाच जाडीच्या काळ्या रेघेने दाखवल्या आहेत. नकाशात डांबरी रस्ता आणि पायवाट एकाच रेघेने काढली तर प्रवाशाची जी अडचण होईल, तीच येथे अभ्यासकाची होते. भविष्यवाणीचा क्रम लावणे हे मुळात जोडण्या तपासण्याचे काम आहे, आणि तक्त्याने नेमके तेच काम वाचकाच्या नजरेआड केले आहे.

दानीएलच्या नवव्या अध्यायापासून सुरुवात करू, कारण सात वर्षांचा आकडा तेथूनच येतो. प्रकटीकरणात सात वर्षे असा उल्लेख कोठेही नाही; तेथे ४२ महिने आहेत, १२६० दिवस आहेत आणि एक काळ, दोन काळ व अर्धा काळ आहे. दानीएलाला सांगितलेली सत्तर सप्तके (एक सप्तक म्हणजे सात वर्षे) ७, ६२ आणि १ अशी विभागलेली आहेत. पहिली ६९ सप्तके म्हणजे ४८३ वर्षे, आणि पुस्तिका ती राजा अर्तहशश्ताच्या विसाव्या वर्षापासून, म्हणजे इ.स.पू. ४४५ पासून मोजते. नेहमीच्या वर्षांनी मोजले तर ही गणना इ.स. ३९ पर्यंत जाते, आणि पंतय पिलाताचा अंमल त्यापूर्वीच संपलेला होता. म्हणून ३६० दिवसांचे वर्ष धरावे लागते. ४८३ गुणिले ३६० म्हणजे १,७३,८८० दिवस, आणि ते इ.स. ३२ च्या सुमारास संपतात. हा हिशोब सर रॉबर्ट अँडरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला. ४२ महिने आणि १२६० दिवस यांची सांगड घातली तर महिना तीस दिवसांचा येतो, हा त्याचा आधार पुस्तिकेने नीट समजावून दिला आहे. आकडेमोडीचे हे पान मला पुस्तिकेतले सर्वोत्तम पान वाटते. आमच्या वर्गातल्या तरुणांनी ते वहीत उतरवून घेतले.

अडचण पुढच्या पायरीवर येते. एकोणसत्तरावे सप्तक संपल्यावर घड्याळ थांबते, मंडळीचे युग सुरू होते आणि सत्तरावे सप्तक भविष्यात पुन्हा सुरू होते, असे तक्ता सांगतो. या मधल्या खंडाच्या बाजूने दोन चांगली कारणे आहेत. पहिले असे की सव्विसाव्या वचनात अभिषिक्ताचा, म्हणजे मसीहाचा, वध आणि नगराचा व पवित्रस्थानाचा नाश हे दोन्ही बासष्ट सप्तकांनंतर सांगितले आहेत, आणि शेवटच्या सप्तकाचा उल्लेख सत्ताविसाव्या वचनात त्यानंतर येतो. यरुशलेमचे मंदिर रोमी सेनापती तीताच्या सैन्याने इ.स. ७० मध्ये पाडले. म्हणजे निदान चार दशके तरी मध्ये गेलीच. दुसरे कारण लूकच्या चौथ्या अध्यायात मिळते. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाचा एकसष्टावा अध्याय वाचताना प्रभूच्या प्रसादाच्या वर्षापाशी ग्रंथ गुंडाळला आणि त्याच वाक्यातला सूडाचा दिवस वाचला नाही. एकाच वाक्यातील दोन गोष्टींमध्ये मोठा काळ असू शकतो, हे त्यावरून दिसते. पुस्तिका ही दोन्ही कारणे देते, आणि ती प्रामाणिकपणे देते. परंतु ज्या अभ्यासकांच्या मते सत्तरावे सप्तक लगेच सुरू झाले, ख्रिस्ताच्या सेवेची साडेतीन वर्षे हा त्याचा पहिला अर्धा भाग होता आणि वधस्तंभामुळे यज्ञ व अर्पणे बंद पडली, त्यांचे वाचन एका ओळीतही येत नाही. सत्ताविसाव्या वचनातील करार करणारा कोण, अभिषिक्त की येणारा दुष्ट अधिपती, यावर तक्त्यातला संपूर्ण सात वर्षांचा पट्टा उभा आहे. एवढ्या मोठ्या भाराच्या जोडणीची चर्चा व्हायलाच हवी होती.

मत्तयच्या चोविसाव्या अध्यायाशी तक्ता याहून अधिक घाईने वागतो. ओसाडी करणारा अमंगळ पदार्थ, म्हणजे मंदिर भ्रष्ट करणारी गोष्ट, साडेतीन वर्षांच्या ठिकाणी दाखवला आहे, आणि त्याच उपदेशाची लूकने दिलेली मांडणी, जिथे सैन्यांनी वेढलेले यरुशलेम दिसताच यहूदीयातल्यांनी डोंगरांकडे पळावे असे सांगितले आहे, ती तक्त्यावर कोठेच नाही. शिष्यांचा प्रश्न मंदिराचे दगड पाहून निघालेला होता. उत्तराचा काही भाग त्याच पिढीने इ.स. ७० मध्ये अनुभवला, हे मान्य केल्याने भविष्यातील पूर्णतेला बाधा येत नाही. इ.स.पू. १६७ मध्ये अंतियोखस एपिफनेस या राजाने मंदिर भ्रष्ट केले होते. दानीएलच्या अकराव्या अध्यायाचा रोख बहुतेक टीकाकार त्या घटनेकडे मानतात, आणि तरीही येशू त्याच अमंगळ गोष्टीविषयी पुढे होणारी म्हणून बोलतो. भविष्यवाणी एकदा पूर्ण झाल्यावर पुन्हा अधिक खोल अर्थाने पूर्ण होऊ शकते, हे शिकवण्याची ही उत्तम जागा होती. एकाच रेघेवर एका घटनेला एकच चौकोन देणाऱ्या मांडणीत ते दाखवणे कठीण आहे, हे मला समजते. पण पुस्तिकेत दोन परिच्छेद लिहिता आले असते.

आता थेस्सलनीकाकरांस पत्रांकडे वळू. पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात क्रम स्पष्ट आहे: प्रभू उतरेल, ख्रिस्तामध्ये मेलेले आधी उठतील, मग जिवंत उरलेले त्यांच्याबरोबर मेघारूढ होतील. येथे जाड रेघच हवी, कारण क्रम पौलाने स्वतः दिला आहे. मात्र ही घटना सात वर्षे आधी होते, की मत्तय २४ मधील संकटानंतर कर्ण्याच्या नादाबरोबर निवडलेले गोळा केले जातात तीच ही घटना आहे, हे पौल त्या अध्यायात सांगत नाही. आधी होते असे मानणारे त्याच पत्राचा पाचवा अध्याय दाखवतात, जिथे देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलेले नाही असे म्हटले आहे. ते प्रकटीकरण ३:१० मधील फिलदेल्फियाच्या मंडळीला परीक्षेच्या घटकेपासून राखण्याचे दिलेले अभिवचन दाखवतात. आणि प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायापासून पुढे जवळजवळ ग्रंथाच्या शेवटापर्यंत मंडळ्यांचा उल्लेख नाही याकडेही लक्ष वेधतात. नंतर होते असे मानणाऱ्यांच्या हाती दुसऱ्या पत्राचा दुसरा अध्याय आहे. तेथे पौल आपले ख्रिस्ताजवळ एकत्र होणे हाच विषय काढतो आणि म्हणतो की आधी धर्मत्याग व्हायला हवा आणि अनीतिमान पुरुष प्रकट व्हायला हवा. पुस्तिकेचे उत्तर असे की त्याच अध्यायात उल्लेखलेला, त्या पुरुषाला अडवून धरणारा म्हणजे मंडळीतील पवित्र आत्मा, आणि मंडळी उचलली गेल्यावरच तो पुरुष प्रकट होईल. हे उत्तर शक्य आहे. परंतु अडवणारा कोण हे पौलाने त्या पत्रात लिहिलेले नाही, आणि पुस्तिका ते लिहिलेलेच असल्यासारखे बोलते.

पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाच्या वेळी वर्गात एक प्रसंग घडला, तो सांगणे येथे आवश्यक वाटते. वर्गाला नियमित येणाऱ्या, नुकत्याच वैधव्य आलेल्या एक मावशी तक्त्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला विचारले, "भाऊ, आमचे हे या कागदावर कुठे आहेत?" तक्त्यावर मृत विश्वासणाऱ्यांसाठी जागा नव्हती, वर जाणाऱ्या बाणाशेजारी फक्त जिवंतांची चित्रे होती. पौलाने ती वचने लिहिली ती आप्त गमावलेल्या लोकांसाठी, त्यांनी आशा नसलेल्यांप्रमाणे खेद करू नये म्हणून. आणि त्या परिच्छेदाचा शेवट त्याने एकमेकांचे सांत्वन करा असा केला आहे. मेलेले आधी उठतील, ही त्या अध्यायातील मध्यवर्ती गोष्ट तक्त्यात वगळली जावी, हे मला कोणत्याही मतभेदापेक्षा गंभीर वाटते. मी तेथे पेनाने ते वचन लिहून घेतले आहे.

एकवीस चौकोनांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. शिक्के, कर्णे आणि वाट्या हे न्याय एकामागून एक येतात या मताला ग्रंथातच आधार आहे. सातवा शिक्का फोडल्यावर सात देवदूतांना सात कर्णे दिले जातात, म्हणजे कर्णे शिक्क्यातून निघतात. चौथ्या शिक्क्याच्या वेळी पृथ्वीच्या चौथ्या भागावर अधिकार दिला जातो, कर्ण्यांच्या वेळी तिसऱ्या भागाचा नाश होतो आणि वाट्यांच्या वेळी समुद्रातील सर्व जीव मरतात. ही चढती तीव्रता उघड आहे. पण सहावा शिक्का फोडताच सूर्य काळा पडतो, तारे पृथ्वीवर पडतात आणि आकाश गुंडाळले जाते. मग चौथ्या कर्ण्याच्या वेळी ताऱ्यांचा तिसरा भाग अंधकारमय होतो तो कसा? शिवाय तिन्ही मालिकांच्या अखेरीस गर्जना, विजा आणि भूकंप येतात. पाहा ८:५, ११:१९ आणि १६:१८. सातव्या कर्ण्याला जगाचे राज्य प्रभूचे झाले असे घोषित होते, आणि लगेच बाराव्या अध्यायात स्त्री पुत्राला जन्म देते, म्हणजे दर्शन ख्रिस्ताच्या जन्मापर्यंत मागे जाते. योहान आपण जे ज्या क्रमाने पाहिले ते सांगतो; घटना त्याच क्रमाने घडतील असे त्यावरून आपोआप सिद्ध होत नाही. प्रकटीकरणावरील आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लॅटिन भाष्य लिहिणारे पेटाऊचे व्हिक्टोरिनस, ज्यांना चौथ्या शतकाच्या आरंभी हौतात्म्य आले, त्यांनीही कर्णे आणि वाट्या यांत तीच गोष्ट पुन्हा सांगितली आहे असे म्हटले होते. म्हणजे पुनरावृत्तीचे हे वाचन कोणा आधुनिक पंडिताची टूम नव्हे. मला स्वतःला मधला मार्ग पटतो: तीव्रता वाढत जाते, पण प्रत्येक मालिका वाचकाला त्याच शेवटापाशी आणून सोडते.

विसाव्या अध्यायाच्या बाबतीत तक्ता सर्वांत निश्चिंत आहे आणि मतभेद सर्वांत जुने आहेत. हजार वर्षांचा उल्लेख त्या अध्यायात सहा वचनांत येतो. एकोणिसाव्या अध्यायातील श्वेत घोड्यावरील स्वाराच्या आगमनानंतर सरळ वाचत गेले तर ख्रिस्त आधी येतो आणि राज्य नंतर सुरू होते. दोन पुनरुत्थानांमध्ये हजार वर्षांचे अंतर आहे, हे त्या अध्यायाचे सर्वांत साधे वाचन आहे, आणि पहिले करिंथकरांस १५ मधील प्रथमफळ ख्रिस्त, मग त्याच्या आगमनकाळी त्याचे लोक, मग शेवट, हा क्रम त्याला जागा देतो. उलट बाजूचा मुद्दाही वजनदार आहे. एकोणिसाव्या अध्यायात राष्ट्रांच्या सैन्यांचा संहार होऊन पक्षी त्यांचे मांस खातात. हे चित्र यहेज्केलच्या एकोणचाळिसाव्या अध्यायातून, गोगच्या पाडावातून घेतलेले आहे. गोग व मागोग ही नावे मात्र विसाव्या अध्यायात, हजार वर्षांनंतरच्या लढाईत येतात. एकच जुनी भविष्यवाणी दोन्ही लढायांच्या मागे उभी असेल, तर त्या दोन लढाया की एकाच लढाईची दोन दर्शने, असा प्रश्न उरतो. तक्त्याने यहेज्केल ३८ व ३९ सात वर्षांच्या आरंभी तिसऱ्याच जागी नेऊन ठेवले आहेत, आणि या तीन जागांचा परस्परसंबंध पुस्तिकेत कोठेही सांगितलेला नाही. वर्गात यावर सर्वाधिक प्रश्न आले आणि पुस्तिकेची मदत सर्वांत कमी झाली.

दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकांनी ट्रायफो या यहूद्याशी झालेल्या संवादात लिहिले आहे की ते स्वतः आणि अनेक जण यरुशलेमातील हजार वर्षांवर विश्वास ठेवतात, पण शुद्ध व भक्तिमान विश्वासाचे अनेक ख्रिस्ती लोक वेगळे मानतात. पाचव्या शतकात बिशप ऑगस्टीन यांनी हजार वर्षे म्हणजे मंडळीचा सध्याचा काळ असा अर्थ लावला, आणि पश्चिमेकडील मंडळीत तो शतकानुशतके प्रमुख राहिला. नागपूरच्या वाचकासाठी हा इतिहास दूरचा नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सी.एन.आय., स्थापन झाली. आमच्या वर्गात सी.एन.आय.ची माणसे आहेत, मेथडिस्ट आहेत, पेंटेकॉस्टल आहेत आणि काही कॅथलिक शेजारीही येतात. ख्रिस्त पुन्हा येणार आणि जिवंतांचा व मृतांचा न्याय करणार, यावर त्या खोलीत कोणाचाही मतभेद नाही. मधल्या टप्प्यांवर आहे. अशा खोलीत लावायच्या तक्त्याच्या माथ्यावर, हा क्रम एका विशिष्ट परंपरेचा आहे, एवढे एक वाक्य छापणे अगत्याचे होते.

तारखा ठरवण्याच्या मोहापासून पुस्तिका बहुतेक ठिकाणी दूर राहिली आहे, याबद्दल तिचे मनापासून अभिनंदन केले पाहिजे. अमेरिकन उपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरून ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहिली आणि त्यांचा जो भ्रमनिरास झाला, त्याचा दाखला देऊन लेखकाने, तो दिवस कोणालाही ठाऊक नाही असे सांगणारे मत्तय २४:३६ पुढे ठेवले आहे. एका ठिकाणी मात्र तोल जातो. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले, तेच येशूच्या दृष्टांतातल्या अंजिराच्या झाडाला पाने फुटणे आणि तेथूनच शेवटची पिढी मोजायची, असे एका चौकटीत म्हटले आहे. याच हिशोबाने चाळीस वर्षांची पिढी धरून काहींनी १९८८ कडे डोळे लावले होते. लूकने तोच दृष्टांत देताना अंजिराबरोबर सर्व झाडांचा उल्लेख केला आहे, त्यामुळे एकट्या झाडावर एवढा भार टाकता येत नाही. ही चौकट पुढच्या आवृत्तीतून काढलेली बरी.

छपाईच्या काही चुका नोंदवतो. दानीएल ९:२७ च्या जागी तक्त्यावर ९:३७ असे छापले आहे; त्या अध्यायात सत्तावीसच वचने आहेत, त्यामुळे वचन शोधणारा गोंधळतो. दानीएलच्या बाराव्या अध्यायात १२९० आणि १३३५ असे दिवसांचे आणखी दोन आकडे आहेत, १२६० पेक्षा अनुक्रमे ३० आणि ७५ दिवस जास्त. घटनाक्रमाच्या तक्त्यात त्यांचा निर्देश नसणे ही मोठी उणीव आहे, मग त्यांचे स्पष्टीकरण कोणतेही दिलेले असो.

तरीही मी हा तक्ता वर्गाच्या भिंतीवरून उतरवलेला नाही. ज्यांनी प्रकटीकरण कधी सलग वाचलेलेच नाही, त्यांना ग्रंथात काय काय आहे याचे एका नजरेत दर्शन होते, आणि वचनांचे संदर्भ हाताशी असल्यामुळे माणसे बायबल उघडतात. आम्ही लाल पेन्सिलने ज्या जोडण्या अनुमानाच्या आहेत त्यांच्यावर तुटक रेघ ओढली आहे, आणि पुढच्या मुद्रणात प्रकाशकांनी हेच छापून द्यावे असे त्यांना कळवलेही आहे. घरात एकट्याने अभ्यास करणाऱ्याने आधी फक्त पुस्तिका घ्यावी. दुकानदार विनंती केल्यास ती वेगळी देतो. पाळक किंवा वर्ग चालवणाऱ्यांनी दोन्ही घ्यावीत, पण तक्ता लावण्यापूर्वी थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र चौथ्या आणि पाचव्या अध्यायासह वर्गात मोठ्याने वाचून घ्यावे, आणि बाणाशेजारच्या रिकाम्या जागेत चौथ्या अध्यायाचे सोळावे वचन लिहून ठेवावे. तेवढी जागा तेथे आहे.